भयानक रस आणि देशकाल : मारुकींच्या हिरोशिमा-चित्रमालिकेविषयी

भयानक रसाचे स्वरूप स्पष्ट करताना अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त निवडलेले उदाहरण अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या बाणापुढे धावणारे ते हरिण. प्रेक्षकाला येथे जी भीतीची प्रतीती येते तिच्यात 'मी भ्यालो', 'हा भ्याला', 'भिणारा माझा शत्रू, मित्र किंवा तटस्थ आहे' अशा कोणत्याही विशेषाचा स्पर्श नसतो. हरिण कोणते, कुठले, कधीचे, याला महत्त्व उरत नाही. भिवविणाराही परमार्थाने तेथे नसतो. देश आणि काल यांच्या मर्यादा गळून पडल्यावर जे उरते ते केवळ भय, आणि म्हणूनच ते आस्वाद्य. भीती स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या ठरावीक देशकालाशी बांधलेली राहिली तर तो रसास्वादातील विघ्न होय, असे अभिनवगुप्त सांगतो. मराठी सौंदर्यविचारात या भूमिकेची चर्चा मुख्यतः करुण रसाच्या अनुषंगाने झाली. शोकातून आनंद कसा, हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या घोळवला. भयानक आणि बीभत्स यांच्या वाट्याला मात्र व्याख्या आणि एखाददुसरे उदाहरण यांपलीकडे फारसे काही आले नाही.

भयाला निश्चित तारीख असेल, आणि ती तारीख विसरणे हाच अपराध ठरत असेल, तर साधारणीकरणाचे काय होते, हा प्रश्न इरि मारुकी (१९०१-१९९५) आणि तोशी मारुकी (१९१२-२०००) या जपानी चित्रकार दांपत्याच्या हिरोशिमा-मालिकेपुढे उभे राहिल्यावर टाळता येत नाही. १९५० ते १९८२ या बत्तीस वर्षांत या दोघांनी मिळून पंधरा चित्रे रंगवली. बहुतेक चित्रे सुमारे १.८ मीटर उंच व ७.२ मीटर लांब, घडीच्या आठ पाख्यांच्या जपानी पडद्याच्या घाटाची आहेत. सुरुवातीला एकच चित्र काढावयाचे होते. एकाची तीन झाली, आणि तीनांवरही थांबता आले नाही. मालिका लांबत गेली ती विषय मोठा होता म्हणून, हे उत्तर पुरेसे नाही. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या चित्रांनी भयाची जी व्यवस्था लावली होती ती अपुरी किंवा खोटी वाटू लागली, आणि म्हणून पुढचे चित्र आले, असे मालिकेच्या क्रमावरून दिसते.

इरि मूळचा हिरोशिमा जिल्ह्यातला. ६ ऑगस्ट १९४५ नंतर काही दिवसांतच तो तेथे पोहोचला, त्याच्या मागोमाग तोशीही. आप्तांतील काहींचा मृत्यू झालेला होता. दोघेही काही आठवडे जखमींच्या सेवेत आणि प्रेतांच्या विल्हेवाटीत राहिले. म्हणजे स्फोट त्यांनी पाहिलेला नाही, स्फोटानंतरचे शहर पाहिले. हा तपशील चरित्रकाराइतकाच समीक्षकाच्याही कामाचा आहे. कारण 'भुते' (१९५०) या पहिल्या चित्रातील हात पुढे धरून, कातडी लोंबत, रांगेने चालणारी माणसे हे त्यांच्या डोळ्यांपुढे घडलेले दृश्य नाही. ऐकलेले, गोळा केलेले आणि स्वतःच्या अंगावर करून पाहिलेले आहे. स्वतःच्याच नग्न देहांची रेखाटने करून त्यांनी सुरुवात केली; मग इतर लोक बसावयास आले; सुमारे नऊशे रेखाटने जमली. चित्रासोबतच्या मजकुरात चित्रकारांनी म्हटले आहे की, नऊशे म्हणजे पुष्कळ वाटली, पण मेलेल्यांच्या संख्येपुढे आयुष्यभर काढूनही ती पुरणार नाहीत. पुढच्या सगळ्या मालिकेचे बीज या हिशेबात आहे. भयानकाला संख्या नसते, असे रसशास्त्र गृहीत धरते. मारुकींनी पहिल्याच चित्रात मोजणीला सुरुवात केली.

या चित्राच्या नावाचाही एक छोटा इतिहास आहे. फेब्रुवारी १९५० मध्ये, अमेरिकी ताब्यातील टोकियोत ते प्रथम मांडले गेले तेव्हा त्याचे नाव '६ ऑगस्ट' असे होते. अणुबॉम्बचा उघड उच्चार अडचणीचा होता, त्या काळातली ही सोय. पुढे 'भुते' हे नाव रूढ झाले. तारीख हे येथे विषय लपविण्याचे साधन होते आणि 'भुते' हा मोकळा उच्चार, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. परंतु भूत म्हटले की जपानी प्रेक्षकाच्या मनात चित्रपरंपरेतील पिशाचे आणि बाराव्या शतकातील नरकाचे चित्रपट जागे होतात. भय ओळखीचे होते, त्याला घर मिळते. म्हणजेच, चित्र मोकळे झाले त्याच क्षणी साधारणीकरणाच्या वाटेला लागले.

पहिल्या तीन चित्रांत, 'भुते', 'अग्नी' आणि 'पाणी' यांत, हे साधारणीकरण फार मोठ्या कलात्मक सामर्थ्याने साधलेले आहे. दोघांची काम करण्याची रीत येथे समजून घ्यावी लागते. तोशीचे शिक्षण तैलचित्रांचे, तिची रेषा देहाचा घाट नेमका पकडणारी. इरि शाईचा चित्रकार, अतिवास्तववादाचा संस्कार झालेला. तोशीने देह काळजीपूर्वक रेखाटावेत आणि इरिने त्यांवर पातळ शाई ओतावी. शाई वाळली की बुडालेल्या रेषांतून तोशीने पुन्हा देह वर काढावेत. मग पुन्हा शाई. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर रेषा आणि डाग यांच्यातील विरोधलय हेच या चित्रांचे संघटनतत्त्व आहे. 'अग्नी'त काळ्याच्या जोडीला लाल ज्वाळा येतात, आणि देह त्या ज्वाळांत जळतात तितकेच शोभतातही.

शोभतात, हा शब्द येथे जाणूनबुजून वापरावा लागतो. या देहांच्या सौंदर्याविषयी आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते सहज झटकून टाकण्यासारखे नाहीत. कपडे जळून गेले होते म्हणून देह नग्न, हे वास्तवाचे समर्थन झाले. पण नग्नता हे साधारणीकरणाचेही सर्वांत जुने साधन आहे. वस्त्राबरोबर हुद्दा, धंदा, जात, राष्ट्र, साल हे सारे गळते. 'पाण्या'तील मेलेले मूल छातीशी धरलेली आई कुठल्याही देशातील आई होऊ शकते, आणि ती तशी होते म्हणूनच हलवते. अॅडोर्नोने १९४९ साली लिहिलेल्या आणि १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आउश्वित्झनंतरच्या कवितेविषयी जे प्रसिद्ध विधान केले ते याच वर्षांतले. त्याची खरी धार त्याने पुढे मांडलेल्या एका शंकेत आहे : यातनांचे कलात्म रूप झाले की त्यातून कुठेतरी सुख पिळून निघते, आणि जे निरर्थक होते त्याला अर्थ असल्याचा भास होतो. आपल्याकडील अलौकिकतावादी हे सुख नाकारणार नाही. तो त्याला आनंद म्हणेल आणि तेथेच थांबेल. मारुकी थांबले नाहीत.

'इंद्रधनुष्य', 'मुले-मुली', 'अणू-वाळवंट', 'बांबूचे बेट', 'सुटका' ही १९५१ ते १९५४ मधील चित्रे त्याच दृष्टीचा विस्तार होत. त्यांतील काही भाग फार उत्तम आहेत. पण विचाराचे पाऊल पुढे पडत नाही. १९५५ मधील दोन चित्रांत ते पडते आणि चुकते. मार्च १९५४ मधील बिकिनी येथील चाचणीने बाधित झालेल्या मासेमारी नौकेच्या घटनेवर 'याइझू' आहे. त्यानंतरच्या अण्वस्त्रविरोधी सह्यांच्या मोहिमेवर 'निवेदन' आहे. येथे माणसे कपडे घालून उभी आहेत, प्रेक्षकाकडे पाहत आहेत. देशकाल परत आला, पण भयाला रजा देऊन. सामान्य लोक, निर्धार, एकजूट : त्या दशकातील शांतता-चळवळीच्या भित्तिपत्रकाचा हा घाट आहे, आणि मराठीतील त्याच काळातील बऱ्याचशा 'बांधिलकी'च्या कवितेप्रमाणे त्याची सच्चाई वादातीत असूनही चित्र म्हणून ते पातळ आहे. 'पेटते दिवे' (१९६८) हे बारावे चित्र नदीत सोडलेल्या दिव्यांचे, रंगांचे, श्राद्धाचे आहे. मालिका तेथे संपली असती तर भयापासून शांतापर्यंतचा एक सुघड प्रवास पूर्ण झाला असता. इरि आणि तोशी यांना आपल्या चित्रांसाठी स्वतंत्र संग्रहालयही सायतामा प्रांतात १९६७ साली उभे करता आले होते.

१९७० साली ही चित्रे अमेरिकेत नेण्यात आली. तेथे त्यांना एक प्रश्न विचारला गेला : एखाद्या चिनी चित्रकाराने नानजिंगच्या कत्तलीची चित्रे काढून ती जपानमध्ये आणली तर तुम्ही काय कराल? प्रश्न राजकीय आहे हे खरे, पण तो अभिनवगुप्ताने बाजूला काढून ठेवलेलाच प्रश्न आहे. भिणारा कोण आणि भिवविणारा कोण? शत्रू, मित्र की तटस्थ? वीस वर्षे ज्या चित्रांत भिवविणारा दिसलाच नव्हता (तो आकाशातून आला आणि गेला) त्या चित्रांना हा प्रश्न विचारला गेला होता. हरिण रंगवताना रथ चौकटीबाहेर ठेवता येतो. पण हरिण आणखी कोणाचा पाठलाग करीत होते काय, हे विचारले की सारी रचना ढासळते.

'अमेरिकी युद्धकैद्यांचा मृत्यू' (१९७१) आणि 'कावळे' (१९७२) ही दोन चित्रे त्यातून आली. पहिल्यात होरपळलेले हिरोशिमावासी बांधलेल्या अमेरिकी कैद्यांवर तुटून पडलेले आहेत. त्या दिवशी शहरात कैदेत असलेले बारा अमेरिकी वैमानिक मरण पावल्याचे पुढील संशोधनाने दाखवून दिले. त्यांतले कित्येक स्वतःच्याच देशाच्या बॉम्बने मेले. मारुकींनी ऐकलेल्या हकिकतींचे सगळेच तपशील या नोंदींशी जुळत नाहीत. तरी चित्राचे महत्त्व त्यावर ठरत नाही. 'भुते'मधील रांगेशी ज्याचे तादात्म्य झाले होते त्या प्रेक्षकाला त्याच रांगेतील हात येथे दगडासारखे उगारलेले दिसतात. रसविघ्न म्हणून जे टाळावयाचे तेच चित्राचे प्रयोजन होते.

असे असूनही चित्र म्हणून ते पूर्णपणे सिद्ध होते असे म्हणता येत नाही. मारणारा आणि मार खाणारा यांच्या देहांची भाषा तीच आहे. कोण जपानी, कोण अमेरिकी, हे पुष्कळसे सोबतच्या मजकुराने कळते. प्रत्येक चित्रासोबत मारुकींनी एक छोटा मजकूर लिहिला आहे, आणि आरंभीच्या चित्रांत तो अर्पणासारखा बाजूला उभा राहतो. तेराव्या चित्रात मात्र तोच चित्राचा आधार झाला आहे. केवळ संवेदनांच्या संघटनेत चित्राचे मूल्य पाहणारा मर्ढेकरी समीक्षक येथे हरकत घेईल, आणि ती हरकत मान्य करावी लागेल.

'कावळ्यां'ना त्या आधाराची गरज उरलेली नाही. विषय पुन्हा ऐकलेलाच : सक्तीने आणलेले कोरियन मजूर मेले तेव्हा त्यांची प्रेते सर्वांत शेवटी उचलली गेली, आणि तोवर कावळ्यांनी त्यांचे डोळे टोचले. नागासाकीतील या हकिकतीविषयी लेखिका इशिमुरे मिचिको यांनी लिहिले होते. मारुकींना ती तेथे मिळाली. म्हणजे हिरोशिमाच्या मालिकेतले हे चित्र वस्तुतः दुसऱ्या शहराचे आहे. चित्र जवळजवळ सगळेच काळे आहे. शाईचा जो प्रवाह इतकी वर्षे देहांवर धुरासारखा, रात्रीसारखा, पावसासारखा पसरत होता त्यालाच येथे चोची आणि पंख फुटले आहेत. इरिची शाई तोशीची रेषा खाते आहे, असे शब्दशः म्हणता येते. आणि या काळोखावर, आकाशात, एक पांढरा कोरियन पोशाख तरंगतो : अंगात कोणी नसलेला. 'भुते'मध्ये वस्त्राविना देह होते. येथे देहाविना वस्त्र आहे. नग्नतेने जो देशकाल पुसला होता तो या एका वस्त्राने परत आणला आहे, कसलीही घोषणा न करता. मेलेल्यांतही कोण आधी उचलावयाचा आणि कोण नंतर, हे ठरवणारे कावळे नव्हते, एवढे कळावयास त्या पोशाखाचा घाट पुरतो. भयानक आणि बीभत्स येथे एकमेकांत मिसळलेले असूनही जुगुप्सा प्रेतांची वाटत नाही.

यानंतर मारुकी नानजिंगकडे (१९७५), आउश्वित्झकडे (१९७७) आणि मिनामाताकडे (१९८०) वळले, ते त्या प्रश्नाचे कर्ज फेडण्यासाठी. जपानी चित्रकाराने नानजिंग रंगवणे हे धैर्याचे होते, यात शंका नाही. परंतु प्रत्येक ठिकाणी देहांचे तेच ढीग, तीच शाई, तीच विशाल लांबी येऊ लागली, तेव्हा एक धोका उभा राहिला. हिरोशिमा, आउश्वित्झ आणि पाऱ्याने विषारी झालेला समुद्र ही सारी एकाच 'मानवी यातने'ची उदाहरणे ठरतात, आणि जो देशकाल इतक्या कष्टाने चित्रात आणला तो चित्रांच्या संख्येनेच पुन्हा पुसला जाऊ लागतो. नग्नतेने एके काळी जे केले ते आता शैली करू लागते. 'आउश्वित्झ'मध्ये हे विशेष जाणवते; 'कावळ्यां'तील त्या एका पोशाखाच्या तोडीचे तेथे काही सापडत नाही.

पंधरावे चित्र 'नागासाकी' १९८२ चे. इतर चौदा चित्रे मारुकींच्या संग्रहालयाची. हे एकच त्या शहरात राहिले, ज्याची एक हकिकत दहा वर्षांपूर्वी हिरोशिमाच्या नावाच्या मालिकेत, कावळ्यांच्या पंखांखाली, येऊन बसली होती.