माणूस वगळलेले रान

निसर्ग आणि पर्यावरणाला वाहिलेल्या एका लेखक-संमेलनाहून परतलो तो संताप घेऊनच. सत्रामागून सत्रे झाली. पडद्यावर वाघ आले, धनेश आले, कासच्या पठारावरची फुले आली. सरपण वेचणारी बाई, गुरे राखणारा पोर, तलावात जाळे टाकणारा ढीवर मात्र एकदाही आला नाही. गावाचे नाव निघाले ते ‘मानवी हस्तक्षेप’ सांगताना. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये गेले, त्यांच्या तसबिरीला हार घालून उद्घाटन झाले. चितमपल्लींनी रान ज्यांच्या तोंडून ऐकले, ती माणसे मांडवाबाहेरच राहिली.

आजच्या मराठी निसर्गलेखनाचा मोठा हिस्सा या संमेलनासारखाच आहे. सफारीच्या रोजनिश्या उदंड झाल्या; वाघिणीचे टोपणनाव, जिप्सीतली धडधड आणि गदगदलेला शेवट यापलीकडे त्यांत काही नसते. पावसावरच्या ललित लेखांबद्दल तेवढेही बोलायला नको. हवामानबदलावर अतुल देऊळगावकर चिकाटीने आणि अभ्यासाने लिहितात, पण त्यांच्या मागोमाग चालणारे फार थोडे.

आपली परंपरा अशी नव्हती. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांतली झुंज लिहिली, ती माणदेशातल्या माणसांकडे पाहून तयार झालेल्या नजरेने, म्हणून तिच्यात लाडीकपणाचा लवलेश नाही. चितमपल्ली वनाधिकारी होते, तरी आदिवासी, पारधी, मासेमार यांच्याकडून शिकल्याचे त्यांनी कधी लपवले नाही. नवेगावबांधचे पक्षी त्यांच्या पानांत येतात ते माधवराव पाटलांसारख्या स्थानिक जाणकाराचे बोट धरून. माडगूळकर-चितमपल्लींच्या वारसांनी पक्षी घेतले आणि जाणकार सोडून दिला.

मग खरे निसर्गलेखन आज कुठे आहे? माझ्या मते ते संमेलनाच्या ग्रंथदालनात निसर्गाच्या मांडणीवर नव्हतेच. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ घ्या. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, विस्थापनाची कादंबरी म्हणून तिचे कौतुक झाले आणि निसर्गवाद्यांनी तिला हातही लावला नाही. उठलेल्या गावातला माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला जुन्या जागी जातो. दावणीची म्हैस एव्हाना रानाची झाली आहे. ती त्याला ओळखत नाही, अंगावर येते. जनावर, माणूस आणि जमीन यांचे नाते तुटले म्हणजे नेमके काय तुटते, हे इथे व्याख्यानाविना कळते. वास, चिखल, खुरांची माती, दबा धरून बसण्याचा ताण या सगळ्यांतून रान उभे राहते. याच लेखकाच्या ‘झड-झिंबड’मध्ये पाऊस कौलांतून, ओल्या सरपणातून आणि कुजणाऱ्या चाऱ्यातून येतो. खिडकीत बसून चहा पिताना दिसणारा पाऊस तो नव्हे. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ने धरणाखालच्या गावांची जी वाट उघडली, ती खोतांनी जनावराच्या डोळ्यापर्यंत नेली. गेल्या काही वर्षांतले सर्वोत्तम मराठी निसर्गलेखन कोणते, असे कुणी विचारले तर मी ‘रिंगाण’चेच नाव घेईन.

दुसरे उदाहरण मिलिंद बोकिलांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’चे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, पुढे बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्यासाठी लढा दिला. बोकिलांनी ही हकिकत साध्या गद्यात, घाई न करता लिहिली. बांबू किती आणि कधी तोडायचा, आग कशी रोखायची, हे लोक एकत्र बसून ठरवतात. तो प्रत्येक निर्णय म्हणजे जंगलाचे वाचनच आहे. निसर्गाबद्दल याहून नेमके ज्ञान कुठल्या सफारीत मिळते?

आणि अजून लिहिले गेले नाही असे किती पडले आहे! गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर बायका तलावात उतरून तिथे माजलेली बेशरमाची झुडपे उपटतात, तळ नांगरतात, पाणवनस्पती रोवतात. गावठी मासे परततात, मागोमाग पाखरे येतात. चंद्रपूरच्या सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पहाटेच्या अंधारात बाया तेंदूपत्त्याला निघतात. पान खालच्या झुडपाला, म्हणून कंबर वाकलेली आणि मान खाली. मागून वाघ येतो तेव्हा त्याला माणसाची उभी आकृती दिसतच नाही. घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी संकलनाच्या फळीवर मोजून द्यायचे. त्या पुड्यांच्या पैशात पोरांच्या वह्या-पुस्तकांचाही हिशेब असतो. या बाईला वाघाबद्दल जे ठाऊक आहे, ते दुर्बिणीतून दिसत नाही. तिला लिहिण्याची संधी नाही, आणि ज्यांना आहे ते तिच्याकडे जात नाहीत.

यावर ठरलेले उत्तर येते: साहित्याला चळवळ बनवू नका, सौंदर्य तरी निर्भेळ राहू द्या. हे म्हणणाऱ्यांनी दुर्गा भागवतांकडे पाहावे. ‘ऋतुचक्र’ लिहिणारी हीच बाई मध्य भारतात आदिवासींमध्ये संशोधनाला गेली आणि १९७५मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभी राहिली. पळसाचा रंग आणि सत्तेशी भांडण तिने वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले नाही. निर्भेळ सौंदर्याची मागणी करणारे खरे तर आपली सोय मागत असतात.

संमेलनात माधव गाडगीळांचेही गुणगान झाले. पश्चिम घाटावरच्या त्यांच्या समितीच्या २०११च्या अहवालातले संवेदनशील विभाग सगळ्यांच्या तोंडी होते. पण निर्णय ग्रामसभेपर्यंत न्यावा, हा त्या अहवालाचा कणाच एकाही वक्त्याने उच्चारला नाही. कारण ग्रामसभा म्हटली की गावकरी आला, आणि गावकरी आला की चित्र बिघडते.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या लेखनात रानावर पोट असलेला माणूस नाही, ते पर्यटनाचे लेखन आहे. त्याला तसेच म्हणावे, निसर्गलेखनाचे पुरस्कार त्याला देऊ नयेत. माणूस हटवला की रान वाचते, ही समजूत असे लेखन घट्ट करते आणि गावे उठवणाऱ्यांच्या हाती आयता पुरावा देते. पुढच्या संमेलनात पहिले सत्र तेंदू तोडणाऱ्या बायांचे, दुसरे मेंढ्याच्या ग्रामसभेचे आणि तिसरे ‘रिंगाण’वर व्हावे. छायाचित्रकारांनी पुढच्या रांगेत बसून ऐकावे. हे होणार नसेल, तर चितमपल्लींच्या तसबिरीला हार घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.