लेहरा आणि एलपी

माझा एक मित्र मोबाइलवरच्या गेमना संगीत देतो. वर्षातून दोनतीनदा आम्ही त्याच्या घरी जुन्या एलपी ऐकायला बसतो. मागच्या वेळी रेकॉर्ड पुसता पुसता तो म्हणाला, "मला सगळे विचारतात की गेम कुठले आवडतात. तू ऐकतोस काय, हे कुणी विचारत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आणि मी केलेलं तर कुणी ऐकतच नाही. आवाज बंद करून खेळतात."

पहिली तक्रार दूर करणं सोपं होतं. मी विचारलं आणि त्याने 'टार्कस' लावली. दुसऱ्या तक्रारीचं उत्तर मात्र मला त्या संध्याकाळी देता आलं नाही. हा लेख त्यासाठीच आहे.

'टार्कस' ही इमर्सन, लेक अँड पामर या इंग्लिश त्रयीची १९७१ सालची रेकॉर्ड. तिची पहिली बाजू म्हणजे सात भागांची, वीस मिनिटांहून थोडी मोठी एकच रचना. सुरुवातीलाच पाच मात्रांच्या हिशेबात धावणारा हॅमंड ऑर्गन येतो. आपल्या नाट्यसंगीतातल्या ऑर्गनची सवय असलेल्या कानाला तो पहिल्यांदा अंगावर आल्यासारखा वाटतो. कीथ इमर्सनला रॉकच्या तीन मिनिटांच्या गाण्यात कोंडून घ्यायचं नव्हतं. पाश्चात्त्य अभिजात संगीतातला मोठा पल्ला त्याला ड्रम आणि बेसच्या जोरावर गाठायचा होता. पुढे या सगळ्या पंथावर 'फुगवलेलं, मिरवणारं संगीत' असा शिक्का बसला, आणि तो पूर्णपणे चुकीचा होता असंही म्हणवत नाही.

ही रेकॉर्ड लावण्यामागे मित्राचं कारण होतं. ती संपल्यावर त्याने नोबुओ उएमात्सुचं 'डान्सिंग मॅड' लावलं. उएमात्सु १९५९ साली जपानमधल्या कोचीत जन्मला. संगीताचं रीतसर शिक्षण त्याने घेतलेलं नाही, पियानो तो स्वतःच शिकला. रेकॉर्ड भाड्याने देणाऱ्या एका दुकानात तो काम करत असताना स्क्वेअर या गेम कंपनीतून त्याला संगीताबद्दल विचारणा झाली. १९८७ साली पहिला 'फायनल फँटसी' आला आणि पुढची अनेक वर्षं त्या मालिकेचा आवाज म्हणजे उएमात्सु, असं समीकरण झालं. आवडते कलाकार विचारले की तो एल्टन जॉनचं नाव आधी घेतो, आणि इमर्सन, लेक अँड पामरसारख्या बँडचं ऋणही मोकळेपणाने सांगतो. त्याला शाळा मिळाली नाही, रेकॉर्डच त्याची शाळा झाल्या.

'डान्सिंग मॅड' हे १९९४ सालच्या 'फायनल फँटसी ६'मधल्या शेवटच्या लढाईचं संगीत. त्याचे चार भाग आहेत आणि अल्बमवर ते साडेसतरा मिनिटांच्या आसपास चालतं. ज्या यंत्रासाठी ते रचलं, त्या सुपर फॅमिकॉममध्ये एका वेळी फक्त आठ आवाज वाजू शकत होते, आणि सगळ्या वाद्यांचे नमुने मिळून आवाजासाठीची स्मृती होती ६४ किलोबाइट. आज आपण फोनवरून पाठवतो तो साधा फोटोसुद्धा यापेक्षा मोठा असतो. एवढ्याशा जागेत त्याने चर्चमधला ऑर्गन, गायकवृंदाचा भास आणि ड्रम असं सगळं बसवलं. तिसऱ्या भागात तर बरोक वळणाचा ऑर्गन जवळपास एकटाच वाजतो. चौथ्यात ड्रमचा ठेका येतो, ऑर्गन इमर्सनच्या अंगाने उसळतो, आणि खलनायकाची ओळखीची धून त्यात पुन्हा डोकावते.

इथे आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न उभा राहतो: मग ही चोरीच की? हिंदी सिनेसंगीतावर वाद घालून आपले कान एवढे तयार झालेत की कुठलीही चाल ऐकली की आपण आधी तिचं मूळ गाव शोधतो. पण मला त्या संध्याकाळी वेगळंच जाणवलं. उएमात्सुने इमर्सनची चाल उचललेली नाही, त्याने इमर्सनचा दोष उचलला आणि त्याला योग्य जागी नेऊन बसवलं. या गेमचा खलनायक केफ्का हा विदूषकासारखा रंगवलेला दरबारी जादूगार. गेमच्या मध्यावर तो जगाचा विध्वंस करतो आणि शेवटी देव होऊन समोर उभा राहतो. देवाचा पोशाख चढवलेल्या विदूषकाला कुठलं संगीत शोभेल? फुगवलेलंच. तिसऱ्या भागातला ऑर्गन मला सुरुवातीला भाड्याने आणलेल्या पोशाखासारखा वाटला होता. मग लक्षात आलं की तो भाड्याचाच असायला हवा. रॉकच्या मंचावर जो भपका खोटा वाटत होता, तो इथे पात्राचा स्वभाव होतो. प्रभाव पचवणं म्हणतात ते हेच असावं.

एक गोष्ट मात्र उएमात्सुला एलपीकडून घेता आली नाही, ती म्हणजे शेवट. 'टार्कस' किती मिनिटांनी संपणार हे वाजवणाऱ्यांनी ठरवलेलं आहे. 'डान्सिंग मॅड'चा प्रत्येक भाग गेममध्ये फिरून फिरून वाजतो, आणि समोरचा शत्रू पडल्याशिवाय पुढचा भाग सुरू होत नाही. खेळणारा तरबेज असेल तर दुसरा भाग पुरता ऐकूही येणार नाही. तो अडखळत असेल तर तोच भाग दहा मिनिटं कानावर पडेल. आपली रचना किती वेळ चालणार आहे हेच रचनाकाराला माहीत नसतं.

मला इथे तबल्याच्या एकलवादनातला लेहरा आठवतो. संवादिनीवाला किंवा सारंगीवाला सोळा मात्रांची तीच ओळ तासभर धरून बसतो. टाळ्या तबलजीला मिळतात, पण लेहरा जराही हलला तर कायदे, रेले, तिहाया सगळं कोसळतं. चांगला लेहरा लक्ष वेधून घेत नाही आणि कंटाळाही आणत नाही. हे जमवणं किती कठीण आहे, ते धरून बसणाऱ्यालाच कळतं. गेममध्ये तबलजी म्हणजे खेळणारा, आणि संगीतकार लेहरा धरून बसलेला.

पुनरावृत्तीची ही ओढ दुसऱ्या एका गेम संगीतकाराच्या आवडीतही दिसते. 'मारियो'चं संगीत करणाऱ्या कोजी कोंडोला 'लेजंड ऑफ झेल्डा'च्या पहिल्या पडद्यासाठी राव्हेलचं 'बोलेरो' वापरायचं होतं. हा गेम १९८६चा. राव्हेल १९३७ साली वारला होता, पण त्याच्या रचनेचे हक्क अजून संपले नव्हते. ऐनवेळी हे ध्यानात आलं आणि कोंडोला घाईघाईने स्वतःची रचना करावी लागली. आज जगभर ओळखलं जातं ते झेल्डाचं संगीत असं जन्माला आलं. पण कोंडोला आवडलं होतं ते काय, हे पाहण्यासारखं आहे. 'बोलेरो'मध्ये ड्रमचा एकच ठेका आणि त्याच त्या सुरावटी पंधराएक मिनिटं फिरत राहतात, बदलतात ती वाद्यं आणि वाढत जातो तो आवाज. तोही एक लेहराच.

म्हणून गेम संगीताचे अल्बम ऐकताना मला नेहमी काहीतरी हुकल्यासारखं वाटतं. 'फायनल फँटसी ६'चं संगीत तीन सीडींवर निघालं. त्यातले बरेच तुकडे दोनदा फिरतात आणि मग आवाज हळूहळू विरत जातो. हा शेवट नव्हे, ही नुसती रजा घेणं आहे. खेळणाऱ्याची धडपड वजा केली की त्या रचनेचा अर्धा अर्थही वजा होतो. २००३ साली उएमात्सुने 'द ब्लॅक मेजेस' या बँडसोबत 'डान्सिंग मॅड' खऱ्या गिटारवर ध्वनिमुद्रित केलं. ते दमदार आहे, इमर्सनच्या अधिक जवळ जाणारं आहे, तरी मला ६४ किलोबाइटमधलं मूळच जास्त आवडतं. तिथे तो भपका एका छोट्या डबीत कोंबलेला आहे आणि डबीचं झाकण उडेल की काय अशी भीती शेवटपर्यंत राहते.

निघताना मित्राला म्हटलं, तू सध्या करतोयस ते ऐकव. चाळीस सेकंदांचा तुकडा होता. पहिल्यांदा मला त्यात काही सापडलं नाही. चारपाच फेऱ्यांनंतर कळलं की बेस दर फेरीत एका ठिकाणी किंचित उशिरा पडतो, आणि त्यामुळे जोड कुठे आहे तेच कळत नाही. "हे कुठून आणलंस?" मी विचारलं. त्याने उत्तर न देता टेबलावर पडलेल्या 'टार्कस'च्या कव्हरकडे बोट दाखवलं.

मग त्याने फोन माझ्या हातात दिला. मी आवाज चालू ठेवून खेळलो. पाच मिनिटांत तीनदा हरलो आणि तो तुकडा मला एकदाही नकोसा झाला नाही.