दत्तक मुलाची गोष्ट आणि तीन चित्रपुस्तके

चार-पाच वर्षांच्या मुलाला 'तू आमच्या पोटी जन्मला नाहीस' हे कसे सांगावे, हा प्रश्न आज अनेक घरांत पडतो आणि तेथून तो बालवर्गाच्या शिक्षिकेपर्यंतही पोहोचतो. अशा वेळी पालकांच्या हाती पुष्कळदा एखादे इंग्रजी चित्रपुस्तक पडते. ते उपयोगी आहे की नाही एवढेच मग विचारले जाते. ते वाङ्मय म्हणून कसे उतरले आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. आम्ही येथे अशी तीन पुस्तके वाङ्मय म्हणून पाहणार आहोत. कारण या विषयात लेखनातला दोष अखेरीस मुलालाच सोसावा लागतो, असे आमचे मत आहे.

आरंभी शब्दाचाच विचार करू. इंग्रजीतील 'अडॉप्ट' हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचा अर्थ 'निवडणे' असा आहे. आपला 'दत्तक' हा शब्द 'दा' म्हणजे देणे या धातूपासून निघाला. तेथे दृष्टी घेणाऱ्यावर, येथे देणाऱ्यावर. जुन्या दत्तकविधानात देणारा समोर उभा असे. सयाजीराव गायकवाड १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आले ते बारा वर्षांचे असताना. आपण कवळाण्याच्या कोणत्या घरातून आलो हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानेही मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे आवश्यकच मानले. या जुन्या प्रथेचा हेतू मुख्यतः वंश आणि वारसा हा होता, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु तीत देणारा लपलेला नव्हता. संस्थेतून तान्हे मूल घरी येऊ लागले, तेव्हा तो दृष्टीआड झाला. आणि मुलाला सांगावयाच्या गोष्टीत त्याला कोठे ठेवावे, हा लेखकापुढचा खरा पेच झाला.

पहिले पुस्तक व्हॅलेंटिना वॉसन यांचे 'द चोझन बेबी'. हे १९३९ साली अमेरिकेत निघाले. चित्रे हिल्डगार्ड वुडवर्ड यांची. मुलासाठी आसुसलेले जोडपे एका संस्थेकडे जाते, वाट पाहते, बाळ पाहताच हेच आमचे असे त्याला वाटते, आणि पुढे त्या बाळाला बहीणही मिळते. ज्या काळी ही गोष्ट झाकून ठेवण्याकडेच कल होता, त्या काळी ती मुलापुढे उघड बोलणारे हे पुस्तक धीराचे होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याचा सारा भर निवडीवर आहे. 'आम्ही तुला निवडले' हे वाक्य तिसऱ्या वर्षी गोड लागते. आठव्या वर्षी तेच मूल विचारते, 'मग आधी मला कोणी नको म्हटले?' शिवाय ज्याला निवडले त्याने निवडीस पात्र राहिले पाहिजे, असे एक न बोललेले ओझे त्या वाक्यात आहेच.

हे केवळ आमचे अनुमान नव्हे. डेव्हिड ब्रॉडझिन्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, लहान मुले आपल्या दत्तकपणाची गोष्ट घडाघडा सांगतात, पण तिचा अर्थ त्यांना पुढे हळूहळू उमगतो. म्हणजे हे पुस्तक मूल दोनदा वाचते: एकदा मांडीवर बसून, आणि एकदा काही वर्षांनी मनातल्या मनात. दुसऱ्या वाचनात ते खोटे पडू नये, हीच आमची कसोटी.

केइको कासझा यांचे 'अ मदर फॉर चोको' (१९९२) कलेच्या दृष्टीने पुष्कळ सरस आहे. चोको हे पिवळे पाखरू आई शोधीत निघते. जिराफ आपल्यासारखी पिवळी, पण तिला पंख नाहीत. पेंग्विनला पंख आहेत, पण आपल्यासारखे गाल नाहीत. वॉलरसला गाल आहेत, पण पायांवर पट्टे नाहीत. 'नाक आजीचे, डोळे बापाचे' अशी वाटणी बारशालाच करणाऱ्या आपल्या घरांनी ही थट्टा मुद्दाम वाचावी. शेवटी अस्वलीण त्याला कुशीत घेते आणि घरी नेते, तर तेथे पाणघोडा, मगर आणि डुक्कर ही तिची लेकरे! रूप जुळत नसताही कुटुंब होते, हे त्या चित्राने एका दृष्टिक्षेपात पटते. शब्दांनी ते इतके पटले नसते. उणीव एकच. चोको एकटा का, हे पुस्तक सांगत नाही. त्याला भूतकाळच नाही; आणि आई शोधण्याचे कामही त्या चिमुकल्यावरच पडले आहे.

जेमी ली कर्टिस यांचे 'टेल मी अगेन अबाउट द नाइट आय वॉज बॉर्न' (१९९६, चित्रे लॉरा कॉर्नेल) यापुढे एक पाऊल टाकते. येथे मूलच म्हणते, ती गोष्ट पुन्हा सांग: रात्री फोन आला, विमानाने निघालात, मला प्रथम पाहिलेत. त्याला सर्व ठाऊक आहे. त्याला हवी आहे ती पुनरुक्ती, कारण दर वेळी तेच उत्तर आले की मन निर्धास्त होते. रोज रात्री 'परत सांग' म्हणणारी मुले पाहिलेल्या कोणालाही हा सूर खरा वाटेल. आणि मूल सांभाळण्याच्या वयाची नसलेली ती जन्मदात्री येथे उल्लेखिलेली आहे. तिला जागा थोडकीच आहे, पण ती आहे. म्हणून दुसऱ्या वाचनात मुलाला येथे काही झाकलेले सापडत नाही.

मराठीत असे पुस्तक लिहिणाऱ्याला एक भांडवल आयतेच मिळते. आपल्या मुलाला देवकी आणि यशोदा या दोन आयांचे नवल वाटत नाही. मात्र पुराणकथा जशीच्या तशी उचलणे धोक्याचे. कारण कृष्ण अखेर मथुरेला जातो आणि यशोदा मागे राहते, हे मुलाच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. कर्णाला कुंतीने सत्य सांगितले ते युद्ध दाराशी आल्यावर. त्याने मात्र राधेची माया सोडली नाही. सांगण्यास उशीर करू नये आणि सांगितल्याने प्रेम आटत नाही, हे दोन्ही त्या कथेत आहे.

आम्ही मागतो ते फार नाही. नव्या मराठी पुस्तकात एक पान त्या पहिल्या आईचे असावे. तिचा चेहरा दाखविता येणार नसेल तर न दाखवावा, तिची कारणे ठाऊक नसतील तर ती रचू नयेत. पण ती होती, एवढे त्या पानाने सांगावे. आणि शिक्षकाने ते पान वर्गात वाचताना घाईने उलटू नये. ऐकणाऱ्या मुलांपैकी एखादे ते पान नीट पाहत असण्याचा संभव आहे.