नशा बोलते तेव्हा : ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ऐकताना

बोटी वर ओढलेल्या आहेत, बाहेर पाऊस आहे, म्हणून तरी एवढी माणसं जमली. ऑगस्टनंतर हे व्याख्यान ठेवलं असतं तर मी आणि माइकवाला, दोघंच असतो. (हशा)

आज एका गाण्याबद्दल बोलायचंय. ‘मेटॅलिका’ या अमेरिकन बँडचं ‘मास्टर ऑफ पपेट्स’. मार्च 1986 मध्ये याच नावाच्या अल्बममधून ते आलं. लांबी साडेआठ मिनिटांपेक्षा थोडी जास्त. पुढच्या रांगेतल्या काकांना हा आरडाओरडा वाटेल, हे मला ठाऊक आहे. त्यांनी अर्धा तास कळ काढावी.

माझ्याकडे हे गाणं आमच्या दादाकडून आलं. चुलत भाऊ, बोटीवर खलाशी. मुंबईहून कुणीतरी आणलेली कॅसेट त्याच्याकडे होती. इंग्रजी त्याला येत नव्हतं आणि मला शाळेपुरतं येत होतं. एकदा पालघर स्टेशनवरून सातपाटीला येणाऱ्या एसटीत मी त्याला विचारलं, “दादा, हा कुणाला मास्टर मास्टर करतोय?” तो म्हणाला, “शेठला. उचल घेतलीय त्याची.” पुढे कॉलेजात मला कळलं की गाणं अमली पदार्थांबद्दल आहे. तेव्हा मी दादाच्या अर्थाला हसलो होतो. आता हसत नाही. का, ते सांगतो.

आधी एक साधा प्रश्न. या गाण्यात बोलतंय कोण? व्यसनावरची बहुतेक गाणी दोन जागांवरून बोलतात. एक तर व्यसनी माणूस स्वतः रडतो, नाहीतर बाहेरचा कुणी शहाणा उपदेश करतो. मेटलमध्ये तिसरा प्रकारही आहे, उघड स्तुतीचा. ब्लॅक सॅबथनं 1971 साली गांजावर चक्क प्रेमगीत केलं होतं. ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्ये मात्र बोलते ती नशा. ती पूड, तो पदार्थ ‘मी’ म्हणून बोलतो आणि ऐकणाऱ्याला ‘तू’ म्हणतो. तू माझ्याकडे येशील, मी दोऱ्या ओढीन, तू नाचशील, असा एकूण रोख. गीतकार आणि गायक जेम्स हेटफिल्डनं मुलाखतींत हेच सांगितलंय : आपण वस्तू ताब्यात ठेवायच्या, तर इथे वस्तूच आपल्याला ताब्यात ठेवते.

आपल्याकडे व्यसनाचं मोठं नाटक म्हणजे गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. गडकरी गेल्यानंतर, 1919 मध्ये, गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. त्यात सुधाकर बोलतो, तळीराम बोलतो, सिंधू बोलते. तळीराम तर दारूची वकिलीच करतो, त्याचं ते आर्य मदिरा मंडळ वगैरे. पण खुद्द प्याला गप्प आहे. गडकऱ्यांना वकील लागला. हेटफिल्डनं वकील मध्ये ठेवलाच नाही.

हे नुसतं शब्दांत असतं तर मी एवढा वेळ घेतला नसता. खरी गोष्ट वाद्यांत आहे. गिटारची तार वर-खाली, दोन्हीकडून छेडता येते. तसं केलं की हात कमी दमतो. हेटफिल्ड इथे जवळजवळ सगळं खालच्याच दिशेनं मारतो, मिनिटाला दोनशेच्या वर ठोक्यांच्या लयीत. वाजवून बघा, दोन मिनिटांत मनगट भरून येतं. त्यामुळे प्रत्येक ठोका सारख्या वजनाचा पडतो. इंजिनासारखा. त्या ठोक्याला सैल जागाच नाही.

आणि आता नीट ऐका. (मोबाइलवर कडव्यातला तुकडा वाजवतात.) एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, आणि चौथ्या फेरीला? पाय चुकला ना? ती फेरी पूर्ण होतच नाही. तिचा शेवटचा भाग कापलेला आहे. किती कापलाय यावर नोटेशन लिहिणारी मंडळी आजही भांडतात. ते भांडण आपल्याला नको. आपल्याला एवढंच पुरे की तीन वेळा पूर्ण मिळतं आणि चौथ्या वेळी थोडं काढून घेतलं जातं. पुन्हा तीन, पुन्हा कापणी.

मला इथे दादाची उचल आठवते. मोसमाच्या आधी उचल मिळते, हातात पैसा खेळतो, बरं वाटतं. मग हिशोबाच्या दिवशी हिश्श्यातून कापलं जातं. घर चालवायला पुन्हा उचल लागते. नशेचा व्यवहार वेगळा नाही. आजचं बरं वाटणं ती उद्याच्या खात्यातून देते आणि दर वेळी थोडं जास्त कापते. इंग्रजी न येणाऱ्या माणसानं ठोक्यावरून हे ओळखलं होतं असा दावा मी करणार नाही. पण त्याचा अर्थ चुकीचा होता असंही आता मला म्हणता येत नाही.

मग साडेतीन मिनिटांच्या आसपास गाणं थांबतं. एकदम शांत. स्वच्छ गिटार, एकेक सूर सुटा, वर दोन गिटारींची गुंफण. यातला संथ सोलो नेहमीच्या सोलोवाल्या कर्क हॅमेटचा नाही, तो हेटफिल्डनं स्वतः वाजवलाय. पुष्कळ जण म्हणतात, ही नशेची गुंगी. मला ते पटत नाही. गुंगी असती तर इथे मालकाचा आवाज आला असता. इथे तर त्यानंतर पहिल्यांदाच व्यसनी माणसाला तोंड फुटतं. लय जड होते, निम्म्यावर येते, आणि तो मालकाला जाब विचारतो : दाखवलेली स्वप्नं कुठे आहेत? मला दिलंस ते खोटंच ना? उत्तर म्हणून त्याला हसणं ऐकू येतं. म्हणजे तो शांत तुकडा शुद्धीचा होता. पहाटे चारला जाग येते आणि सगळं लख्ख दिसतं, तसा. आणि या शुद्धीचं होतं काय? हॅमेटचा वेगवान सोलो येतो, आणि तेच इंजिन, तीच कापणी पुन्हा सुरू. शेवटी गाणं विरतं तेव्हाही हसणंच उरतं.

यावर कुणी म्हणेल, अहो, पण मैदानात हजारो पोरं हातात बिअर घेऊन हेच गाणं ओरडतात. बंगळुरूला ऑक्टोबर 2011 मध्ये मेटॅलिका आली तेव्हाही ओरडली असतील. 2022 मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेत ते वाजलं आणि नव्या पिढीनं पुन्हा डोक्यावर घेतलं. मग इशारा पोचला कुठे? आक्षेप खरा आहे. पण माझं म्हणणं असं की गाण्याची ताकद तिथेच आहे. मालकाच्या नावानं ओरडायला मजा येते. ज्याला हे गाणं आवडलं त्यानं आठ मिनिटं हुकूम मानलेला असतो, आणि हुकूम मानणं किती सुखाचं असतं ते त्याच्या अंगाला कळलेलं असतं. शाळेतल्या व्यसनमुक्तीच्या भाषणात हे कधीच कळत नाही. तिथे दारू फक्त वाईट असते, आणि पोरांनी घरी माणसाला पिऊन खुशीत गाताना पाहिलेलं असतं. त्यामुळे त्यांना भाषण खोटं वाटतं.

आता तक्रार. मोठी आहे.

या गाण्यात दोघंच आहेत, मालक आणि त्याचं बाहुलं. तिसरं माणूस नाही. आई नाही, बायको नाही, पोर नाही. सातपाटीत असं घर दाखवा. आमच्या दादाच्या गोष्टीत वहिनी होती. ती पैसे तांदळाच्या डब्यात लपवायची आणि तो शोधायचा. रात्री त्याला धक्क्यावरून आणायला मी जायचो. ‘एकच प्याला’ आज अनेक ठिकाणी बोजड वाटतं, पण गडकऱ्यांनी सिंधूला मध्यभागी उभं केलं, तिचं मूल तिथे ठेवलं. सिंधू सोसत राहते याचा मला राग येतो, तरी ती दिसते. मेटॅलिकाला ती दिसलीच नाही.

का दिसली नाही? गाणं रेकॉर्ड झालं 1985 च्या शेवटी, कोपनहेगनमध्ये. हेटफिल्ड तेव्हा बावीस वर्षांचा. बँड इतका प्यायचा की त्यांना ‘अल्कोहोलिका’ हे टोपणनाव पडलं होतं. गाणं लिहून लिहिणारा वाचला नाही. 2001 मध्ये त्याला उपचार केंद्रात जावं लागलं. तो काळ ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ या 2004 च्या माहितीपटात दिसतो, आणि तिथे त्याची बायको, मुलं, घरी जायची वेळ हे सगळं आहे. 2019 मध्ये तो पुन्हा दाखल झाला, दौरा पुढे ढकलावा लागला. म्हणजे तो शांत तुकडा आणि पुन्हा सुरू होणारं इंजिन, हे त्यानं जगण्याच्या कितीतरी आधी वाजवून ठेवलं होतं.

गाणं आलं त्याच 1986 साली, ऑगस्टमध्ये, पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. पुलंनी त्याला हात दिला होता. हा निव्वळ योगायोग, त्यातून मी काही सिद्ध करत नाही. पण मुक्तांगणनं व्यसनी माणसाच्या बायकोलाही बोलायला जागा दिली. गाण्यात जी खुर्ची रिकामी आहे, ती तिथे मांडलेली होती.

दादाचं पुढे काय झालं हे तुम्ही विचाराल. तो दोनदा उपचाराला गेला, दोनदा घसरला, तिसऱ्यांदा गेला. आज तो बोटीवर जात नाही, जाळी विणतो. काल त्याला हे गाणं पुन्हा ऐकवलं, शब्दांचा अर्थ सांगून. मधला शांत तुकडा आल्यावर म्हणाला, “इथं बंद कर.” मी बंद केलं नाही, तर तो उठून बाहेर जाऊन बसला. वहिनीनं मात्र शेवटपर्यंत ऐकलं. मला म्हणाली, “शेवटी हसतो तो कोण रे?”

चला, आता पूर्ण लावतो. काका, आवाज थोडा मोठा होईल.