बीजमातेची गोष्ट आणि तिच्यातून गळलेले विज्ञान

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शिक्षकांना नव्याने सांगायला नकोत. महादेव कोळी समाजातील, शाळेची पायरी न चढलेली बाई. घरात गावरान वाणांची बियाणे बँक. 'बायफ' संस्थेचे साहाय्य. २०२० साली जाहीर झालेली पद्मश्री. गोष्ट खरी आहे. ती भाषणांतून व निबंधांतून ज्या रीतीने सांगितली जाते, तिच्याबद्दल मात्र आमची तक्रार आहे. आदर भरपूर असतो. बाईंनी नेमके केले काय, हेच नसते.

'बियाणे जपले' एवढ्यावर सारे आटोपते. जपायचे म्हणजे काय? भात, घेवडा ही पिके बहुतांशी स्वपरागित. त्यांचा वाण राखणे तुलनेने सोपे. दोडका-भोपळ्याचे तसे नाही. शेजारच्या वाणाचा पराग मधमाशीने आणला की त्या बियांपासून पुढच्या वर्षी निराळेच फळ येते. म्हणून वाणांमध्ये अंतर राखायचे, बियांसाठी कोणती फळे वेलावर पिकू द्यायची ते ठरवायचे, बी वाळवून राखेत ठेवायचे, म्हणजे ओल व भुंगे दूर राहतात. विद्यापीठात आम्ही याच विद्येची पदवी देतो!

दुसरी तक्रार 'गावरान म्हणजे काटक' या समीकरणाची. गावरान वाण जुन्या पावसाला सरावलेला असतो. बदललेल्या पावसात तो टिकेलच असे नाही. बळ आहे ते विविधतेत. नगर म्हणजे दुष्काळ असे आपण पाठ केले आहे, पण अकोले तालुक्याचा पश्चिम भाग घाटमाथ्याच्या पावसाचा. तेथे पावसाची वेळ चुकणेही भोवते. हळवे आणि गरवे असे दोन्ही भात हाताशी असले, तर एक गेला तरी दुसरा हाती लागण्याची आशा उरते.

नॉर्वेत स्वालबार येथे २००८ साली उघडलेल्या भांडारात बी उणे १८ अंशांवर निजून असते. कोंभाळण्याचे बी शेतात उतरते, आणि बदलत्या हवामानाची निवड त्याच्यावर चालू राहते. दोन्ही प्रकार हवेत. पण दुसऱ्याला जमीन लागते, मजुरी लागते. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बियाणे राखण्याचा व देण्याघेण्याचा हक्क मान्य केला, वाण राखणाऱ्यांसाठी पुरस्कारही ठेवले. पुरस्कार एकदा मिळतो; पेरणी पुन्हापुन्हा करावी लागते. तिचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न आम्ही वाचलेल्या एकाही निबंधात नव्हता.