‘अंकुराची वाढ’ : अल्पसाधनांची रचना

दादासाहेब फाळके यांच्या ‘अंकुराची वाढ’ (१९१२) या लघुपटाने पुढील वर्षीच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवलदारांचा विश्वास मिळविला, म्हणून त्यास केवळ प्रात्यक्षिक मानणे सोपे, परंतु अपुरे आहे. कुंडीत पेरलेला वाटाणा, समोर रोखलेला कॅमेरा, महिन्याहून अधिक काळ थांबत थांबत केलेले चित्रण आणि अखेर जेमतेम मिनिटभराचा पट! नट नाहीत, देखावे नाहीत. मुदतही रोपानेच ठरविलेली. शीर्षकातही ‘अंकुर’ षष्ठीत जातो आणि ‘वाढ’ हे क्रियावाचक नाम प्रधान होते. क्रियेलाच नायकत्व देणारी ही रचना अल्पसाधनांतूनच संभवली. सारांश, अल्पखर्ची लघुपटाचे मूल्य साधनांच्या उणिवेवरून नव्हे, तर त्या उणिवेस लाभलेल्या रूपावरून ठरवावे.