चिमण्यांच्या आधीचा प्रश्न

दर काही महिन्यांनी ती क्लिप कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतेच. पारध्याचं जाळं घेऊन चिमण्या उडतात आणि खाली कुणीतरी लिहितं, ‘काय ते दिवस होते!’ लिहिणाऱ्याचा जन्म बहुतेकदा केबल आल्यानंतरचा. म्हणजे हा नॉस्टॅल्जियाही आईवडिलांकडून उसना घेतलेला. घ्या बापडे. माझी तक्रार आहे ती क्लिप कापलेली असते याबद्दल.

पूर्ण फिल्म जेमतेम सात मिनिटांची. ‘एक, अनेक और एकता’, फिल्म्स डिव्हिजन, १९७४. दिग्दर्शन विजया मुळे यांचं (‘लगान’मधल्या भुवनच्या आईचं काम करणाऱ्या सुहासिनी मुळेंच्या त्या आई), अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाईंचं आणि गाणारा आवाज तेव्हा अगदी लहान असलेल्या साधना सरगमचा.

या फिल्ममधली सगळ्यात हुशार जागा चिमण्या जाळ्यात सापडण्याच्या बरीच आधी येते. धाकटा भाऊ ‘अनेक’चा अर्थ विचारतो. ताई आकाशाकडे बोट दाखवते: सूर्य-चंद्र एकेकटे, तारे मात्र ढीगभर. भाऊ यातून भलताच अर्थ काढतो. त्याला वाटतं, ‘अनेक’ हे ताऱ्यांचंच दुसरं नाव असावं! चूक आहे, पण पूर्णपणे तर्काला धरून. एकाच उदाहरणावरून शब्द शिकणारं कुठलंही मूल हेच म्हणेल. ताई त्याला वेड्यात काढत नाही, व्याख्याही पाठ करून घेत नाही. ती उदाहरण बदलते. चिमणी, खार, फुलपाखरू... एकाची दोन, दोनाची कितीतरी. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो.

पुढे उंदीर जाळं कुरतडतात, ती गोष्ट जुनीच. पण ती ऐकून भाऊ लगेच हिशेब मांडतो: मग आपल्यालाही झाडावरचे आंबे काढता येतील? येतील, पण युक्ती लागेल, असं ताई सांगते. नुसत्या एकीने आंबा हाती येत नाही, हे सरकारी पैशाने बनलेल्या फिल्ममध्ये यावं याचं मला अजून नवल वाटतं. शेवटचं एकात्मतेचं समूहगान मात्र वरून चिकटवल्यासारखं वाटतं. ते कितीही लोकप्रिय असो.

तेव्हाचं सगळंच टीव्ही असं होतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चॅनल एकच, त्यामुळे कंटाळवाणंही मुकाट्याने बघितलं जाई. चांगलं होतं ते कुणीतरी डोकं लावल्यामुळे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही पोचवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला (महाराष्ट्र त्यात नव्हता). त्यासाठी खेड्यातल्या मुलांचे शैक्षणिक कार्यक्रम करण्यातही विजयाबाई होत्या. तिथल्या बऱ्याच मुलांनी टीव्ही पहिल्यांदाच पाहिला. समोरचं मूल नेमकं कुठे अडेल याचा विचार करणं हेच ते काम. आज किती व्हिडिओ मुलाला असं चुकू देतात? बरोबर उत्तराला टाळ्या वाजतात आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो.

मी पूर्ण फिल्म सहा वर्षांच्या भाचीला दाखवली. ताऱ्यांपाशी ती त्या मुलाला हसली नाही, विचारात पडली. समूहगान सुरू झाल्यावर तिने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि फिल्म थेट आंब्याच्या झाडापाशी मागे नेली.